अनोरेक्सिया आणि हार्मोन्स : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार येणारे प्रश्न

इथले प्रश्न सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगरच्या आयांनी, भंवरकुआँच्या होस्टेलांत राहणाऱ्या मुलींनी, आज्यांनी आणि काही नवऱ्या-भावांनी पाठवले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. हे पान आजारी मुलीही वाचतात, आणि आकडा दिसला की हा आजार त्या आकड्याच्याही खाली जायला बघतो. प्रश्नांना क्रमांक आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. मुलगी डाएट करते आहे की हा अनोरेक्सिया आहे, हे घरच्यांनी कसं ओळखायचं?

डाएट करणारी व्यक्ती ठरलेलं वजन गाठलं की खूश होते, आणि घरात लग्नकार्य आलं की सूट घेते. अनोरेक्सियात, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने जेवण तोडत जाण्याच्या आजारात, ती सूट घेताच येत नाही. वजन उतरतं तशी जाड होण्याची भीती वाढत जाते. हाडं दिसायला लागली तरी तिला आरशात जाड मुलगी दिसते, किंवा आपल्याला काही झालंय हेच पटत नाही. 'मेसमध्ये जेवून आले' असं रोज सांगणं, सगळ्यांसाठी हौसेने रांधून स्वतः न जेवणं, ताटात घास फिरवत बसणं, ढगळ कपडे घालणं, जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाणं किंवा जिने चढत-उतरत राहणं, यातलं बरंच काही एकत्र दिसलं तर वाट बघू नका.

हे मोबाइलने आणलेलं खूळ आहे असं आजी-आजोबा म्हणतात. मोबाइलने भर घातली असेल, पण १६८९ साली लंडनच्या रिचर्ड मॉर्टन नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका तरुण मुलीची हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तिचीही पाळी बंद झाली होती. हा हट्ट नाही, नखरा नाही. हा मानसिक आजार आहे, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

२. खाणं कमी झालं तर हार्मोन्सचा त्याच्याशी काय संबंध?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. शरीरात ऊर्जेचा साठा किती उरलाय याची खबर त्याच्याकडे सतत जात असते. ही खबर देणारं एक महत्त्वाचं हार्मोन म्हणजे लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि १९९४ साली त्याचा शोध लागला. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि हायपोथॅलॅमसला कळतं की दुष्काळ पडलाय.

पुढे तो जे करतो ते अगदी शहाणपणाचं असतं. घरातली कमाई बंद झाली की आपण रंगरंगोटी आणि लग्नकार्य पुढे ढकलतो, पण चूल आणि दिवा चालू ठेवतो, तसंच. मूल जन्माला घालण्याची तयारी सर्वांत आधी थांबते, म्हणजे पाळीची हार्मोन्स खाली येतात. थायरॉइडचा वेग मंदावतो, म्हणजे ऊर्जा कमी जळते. वाढ थांबते. उलट कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन आणि ग्रोथ हार्मोन वर जातात, कारण मेंदूला लागणारी साखर रक्तात टिकवायची असते.

म्हणजे रिपोर्टमधला प्रत्येक 'लो' आणि 'हाय' एकाच निर्णयातून आलेला असतो. तो निर्णय जेवणाने बदलतो. प्रत्येक आकड्यासाठी वेगळी गोळी शोधत बसलात तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि महिने वाया जातात. मला या पानावर सर्वांत कळकळीने सांगायचंय ते हेच, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते पुन्हा येईल.

३. चार महिने पाळी आली नाही. अभ्यासाच्या टेन्शनमुळे असेल का?

टेन्शनने पाळी मागेपुढे होते, चुकतेही. पण वजन उतरत असताना, जेवण कमी झालेलं असताना सलग तीन महिने पाळी आली नाही तर फक्त परीक्षेवर खापर फोडू नका. नीट किंवा जेईईच्या तयारीला आलेल्या मुलींमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र असतात, आणि ताण, कमी खाणं, जास्त हालचाल यांचा हायपोथॅलॅमसवर होणारा परिणाम एकमेकांत मिसळतो.

आत घडतं ते असं: हायपोथॅलॅमस दर थोड्या वेळाने जीएनआरएच हे हार्मोन ठोक्याठोक्याने सोडतो. त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडते, आणि त्यांच्यावर बीजकोशाचं काम चालतं. उपासमारीत हे ठोके मंदावतात. एलएचचं चित्र वयात न आलेल्या मुलीसारखं होतं, बीज तयार होत नाही, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही बीजकोशाची दोन्ही हार्मोन्स खाली येतात. गर्भाशय आणि बीजकोश यांत कुठलाही दोष नसतो. त्यांना वरून हुकूम येत नाही, एवढंच.

लग्न झालेलं असो वा नसो, आधी गर्भधारणेची तपासणी करून घ्यावी. ती डॉक्टरांची नेहमीची पद्धत आहे. त्यावरून मुलीवर संशय घेऊ नका.

४. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पाळी सुरू झाली. म्हणजे आता ती बरी आहे ना?

नाही. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी दर महिन्याला जो रक्तस्राव होतो, तो गोळ्या थांबवल्याचा परिणाम असतो. बीजकोश झोपलेलाच असतो, हायपोथॅलॅमस दुष्काळातच असतो. वजन आणखी उतरलं तरी गोळीची 'पाळी' तारखेला येत राहते.

यात दोन नुकसानं आहेत. पाळी परत येणं ही शरीर सावरल्याची घरबसल्या दिसणारी सर्वांत विश्वासू खूण आहे, आणि गोळी ती झाकून टाकते. दुसरं म्हणजे घरात सगळ्यांना हायसं वाटतं. 'आता पाळी येतेय, सगळं ठीक आहे' असं मुलगीही म्हणते आणि जेवणाचा विषय मागे पडतो. या गोळ्यांनी हाडं वाचतात असंही पुष्कळ घरांत समजलं जातं; ते का खरं नाही हे प्रश्न १० मध्ये आहे.

गोळी दुसऱ्या कारणासाठी, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून, लागत असेल तर ती गोष्ट वेगळी. अनोरेक्सियावरचा उपचार म्हणून ती पुरत नाही.

५. थायरॉइडचा रिपोर्ट लो आला आहे. थायरॉक्सिन सुरू करायचं का?

रिपोर्ट नीट वाचा. टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची हार्मोन्स, आणि टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन. अनोरेक्सियात बहुधा टी-३ कमी असतं, टी-४ नॉर्मल किंवा नॉर्मलच्या खालच्या टोकाला असतं, आणि टीएसएच वाढलेलं नसतं. थायरॉइड ग्रंथीच आजारी असेल तर टीएसएच सहसा वर जातं. इथे ग्रंथी धडधाकट आहे. शरीरच टी-४ चं रूपांतर कामाच्या टी-३ ऐवजी निष्क्रिय अशा रिव्हर्स टी-३ मध्ये करतं, म्हणजे ऊर्जा कमी खर्च होते.

अशा वेळी बाहेरून थायरॉक्सिन, म्हणजे टी-४ ची गोळी, दिली तर शरीराने लावलेला ब्रेक आपण सोडवतो. वजन आणखी उतरतं, स्नायू झिजतात, आधीच दमलेल्या हृदयावर ताण येतो. थायरॉइडच्या गोळीने वजन उतरतं हे ऐकून ती मागणाऱ्या मुलीही असतात, म्हणून घरात आईची किंवा आजीची थायरॉइडची बाटली असेल तर ती कुलपात ठेवा. टीएसएच खरोखर वाढलेलं असेल तर वेगळा थायरॉइडचा आजार असू शकतो, आणि तो एंडोक्रायनॉलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञाने, बघायचा आहे.

६. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं आणि वजन कमी करायला सांगितलं. आता काय खरं मानायचं?

हा प्रश्न माझ्याकडे येतो तेव्हा काळजात धस्स होतं, कारण इथे योग्य वाटणारा सल्ला उलटा पडतो.

सोनोग्राफीत बीजकोशात बरेच छोटे फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, दिसले म्हणजे पीसीओएस (पीसीओडीचंच दुसरं नाव) झालं असं होत नाही. उपासमारीने पाळी बंद झालेल्या मुलींच्या बीजकोशातही असं चित्र दिसू शकतं, आणि कोवळ्या वयात तर ते नॉर्मलही असतं. पाळी नाही आणि सोनोग्राफीत फॉलिकल आहेत, एवढ्या दोन गोष्टींवर शिक्का बसला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: वजन कमी करा, भात-साखर बंद करा, रोज चाला. जी मुलगी आधीच जेवत नाही तिच्या आजाराला त्यातून डॉक्टरांची परवानगी मिळते.

फरक कसा करायचा? पीसीओएसमध्ये अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन्स, वाढल्याच्या खुणा असतात: हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. एलएच बरेचदा एफएसएचपेक्षा जास्त असतं. अनोरेक्सियात एलएच, एफएसएच आणि इस्ट्रोजेन खालच्या बाजूला असतात आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ दिसतं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन थांबवल्यावर पीसीओएसमध्ये सहसा रक्तस्राव होतो; इस्ट्रोजेन फार खाली असेल तर होत नाही. एएमएच हे फॉलिकलमधून येणारं हार्मोन मात्र दोन्हींत वाढलेलं असू शकतं, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर विसंबू नका.

सर्वांत उपयोगी माहिती तर प्रयोगशाळेत मिळतच नाही. पाळी बंद होण्याआधीच्या वर्षभरात वजन किती उतरलं, जेवण कसं बदललं, व्यायाम किती वाढला, हे डॉक्टरांना सांगा. मुलगी सांगणार नाही, आईने सांगायचं. काही मुलींना आधीपासून पीसीओएस असतं आणि मागून अनोरेक्सिया येतो. तेव्हाही आधी पोट भरायचं, पीसीओएसचं नंतर बघायचं.

७. तिला भूकच लागत नाही का हो?

लागते. पोटातून निघणारं भुकेचं हार्मोन, ग्रेलिन, अनोरेक्सियात वाढलेलं असतं. भुकेची हाक येत असते, पण भीती तिच्यापेक्षा मोठ्याने बोलते. सोबत पेप्टाइड वायवाय हे पोट भरल्याची जाणीव देणारं हार्मोनही बऱ्याच जणींत जास्त सापडतं. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून चार घासांत पोट टच्च झाल्यासारखं वाटतं. ते नाटक नसतं.

'डोक्यात सारखं खाणंच असतं, मग मी आजारी कशी?' असं एका मुलीने विचारलं होतं. उपाशी मेंदू असाच वागतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. मनाने ठणठणीत असलेले ते पुरुष पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, घास तासन् तास चघळायला लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांची नाडी मंदावली, त्यांना सारखी थंडी वाजायची आणि कामेच्छा संपली. त्यांना अनोरेक्सिया नव्हता. म्हणजे आपण मुलीचा 'स्वभाव बदलला' म्हणतो त्यातलं बरंच काही उपासमारीचं असतं, आणि जेवणाने मागे हटतं.

८. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात स्वेटर घालते, आणि अंगावर बारीक लव आली आहे. हे हार्मोन वाढल्याने का?

थंडी वाजण्यामागे टी-३ कमी असणं (प्रश्न ५) आणि अंगावरची चरबी जाणं, ही दोन्ही कारणं आहेत. पाठीवर, हातांवर, गालांवर येणारी मऊ फिकट लव उपासमारीची खूण आहे. पुरुषी हार्मोनमुळे येणारे केस राठ आणि काळे असतात. वजन सावरलं की लव जाते. लेझर करायला पळू नका.

९. रात्री झोपत नाही, दिवसभर येरझाऱ्या घालते, सारखी घाबरलेली असते. इतकं कमी खाऊन एवढी शक्ती येते कुठून?

कॉर्टिसॉल वाढलेलं असतं. ते स्नायू झिजवून साखर पुरवतं आणि माणसाला सतत सावध ठेवतं. उपाशी शरीर जणू अन्नाच्या शोधात पळत राहतं. लेप्टिन फार खाली गेलं की ही अस्वस्थ हालचाल वाढते असं दिसून आलं आहे. अंगात ताकद आहे म्हणून ती फिरत नाही. तिला थांबता येत नाही. 'एवढी फिरतेस म्हणजे बरीच आहेस' असं म्हणू नका.

इस्ट्रोजेन खाली गेल्यानेही मन हळवं होतं, चिंता वाढते. म्हणून नुसतं समुपदेशन सुरू आहे आणि जेवण तसंच आहे, अशा स्थितीत बोलण्याचा फार उपयोग होत नाही. भरल्या मेंदूला समजावता येतं.

१०. हाडांवर खरंच परिणाम होतो? वय तर अवघं सतरा आहे.

वय सतरा आहे म्हणूनच जास्त. हाडांतली बहुतेक भर अठरा-वीसपर्यंत पडते आणि पंचविशीच्या आसपास ती पूर्ण होते. नेमक्या त्या वर्षांत इस्ट्रोजेन आणि हाड घडवणारं आयजीएफ-१ कमी असतं आणि हाड झिजवणारं कॉर्टिसॉल जास्त. हाड घडणं मंदावतं आणि झिजणं वाढतं. साध्या पडण्याने मनगट मोडणं, धावताना नडगीत बारीक तडा जाणं, असं तरुण वयात होतं.

ग्रोथ हार्मोन वाढलेलं असूनही उंची आणि हाडं का वाढत नाहीत, हेही विचारलं जातं. उपासमारीत यकृत त्या हार्मोनला दाद देत नाही, म्हणून आयजीएफ-१ तयारच होत नाही. ग्रोथ हार्मोन मग चरबी वितळवून इंधन पुरवण्याच्या कामाला लागतं.

पाळी सहा महिन्यांहून जास्त बंद असेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजण्याच्या तपासणीबद्दल विचारा. तरुण वयात टी-स्कोअर (तरुण प्रौढांशी तुलना) बघत नाहीत, झेड-स्कोअर (त्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघतात; रिपोर्टवर फक्त टी-स्कोअर असेल तर लॅबकडून झेड मागून घ्या.

उपाय? कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडू देऊ नये, पण त्यांनी एकट्याने हाड भरत नाही. गर्भनिरोधक गोळीचा फायदा दिसलेला नाही. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना आयजीएफ-१ आणखी दाबतं. त्वचेवाटे दिलेलं इस्ट्रोजेन, सोबत ठराविक दिवस प्रोजेस्टेरॉन, याने मात्र किशोरवयीन मुलींत हाडांची घनता सुधारल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वजन लवकर सावरत नसेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट त्याचा विचार करू शकतात. खरं औषध वजन आणि स्वतःहून आलेली पाळी हेच. ते जितकं लवकर, तितकं हाड जास्त परत मिळतं. वर्षानुवर्षं गेली तर सगळं भरून येईलच असं नाही.

११. मुलगी चौदाची आहे, अजून पाळी सुरूच झाली नाही. वाट बघू का?

जेवण कमी असेल, उंची वाढायची थांबली असेल, तर वाट बघू नका. वयात येण्याआधी अनोरेक्सिया झाला तर छातीची वाढ, पाळी, उंची सगळं अडकतं. शाळेच्या जुन्या आरोग्य तपासणीचे कागद असतील तर उंची-वजनाची रेघ कुठे मोडली ते बालरोगतज्ज्ञांना लगेच दिसतं. एरवीही पंधरापर्यंत पाळी आली नाही तर तपासणी करतातच.

१२. मुलांनाही हे होतं का? आमचा मुलगा जिमच्या नादाने जेवेनासा झाला आहे.

होतं, आणि मुलांमध्ये उशिरा लक्षात येतं, कारण पाळीसारखी खूण नसते. टेस्टोस्टेरॉन खाली येतं. सकाळची ताठरता जाते, इच्छा मरते, दाढी विरळ होते, स्नायू कमावण्याऐवजी गळतात, हाडंही झिजतात. बाप-लेकात हा विषय निघत नाही. डॉक्टरांना मुलाशी एकट्याने बोलू द्या. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन कोणी जिममध्ये सुचवलं तर घेऊ नये. उपाशी शरीरात ते मूळ कारण झाकतं, अगदी प्रश्न ४ मधल्या गोळीसारखं.

१३. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग आजार नाही असं समजायचं?

असं समजू नका. शरीर रक्तातले आकडे शेवटपर्यंत सांभाळत राहतं. आजाराचं निदान वागण्यावरून, भीतीवरून आणि वजनाच्या प्रवासावरून होतं. पाळी बंद असणं हीसुद्धा आता निदानाची अट नाही; अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या (डीएसएम) २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती काढून टाकली, कारण काही जणींची पाळी बऱ्याच कमी वजनावरही चालू राहते.

तपासण्या तरीही लागतातच: हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, यकृत-मूत्रपिंड, टीएसएच, ईसीजी, आणि पाळी बंद असेल तर एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं पिट्युटरीचं हार्मोन). प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं असेल, सतत डोकं दुखत असेल किंवा नजर अधू झाली असेल तर पिट्युटरीचं वेगळं कारण शोधावं लागतं.

१४. आता खायला तयार झाली आहे. तूप, लाडू, शिरा, सगळं भरपूर सुरू करू का?

आईची घाई मला समजते, पण फार दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम भरपूर खायला घालणं जिवावर बेतू शकतं. बराच काळ शांत असलेलं इन्शुलिन पिठूळ-गोड अन्न येताच उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. रक्तात ते एकदम कमी पडले की हृदयाचे ठोके बिघडतात, सूज येते, श्वास अडतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये तो ठळकपणे दिसला. पहिले काही दिवस ते दोन आठवडे धोका जास्त असतो.

म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन आणि रक्त वारंवार तपासत करायची. फार वजन उतरलं असेल तर भरती होऊन. याचा अर्थ खाणं लांबणीवर टाका असा मात्र नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

सुरुवातीला वजन पोटावरच दिसतं आणि मुली हादरतात. ते खरंच तसं असतं. चरबी आधी मध्यभागी साठते आणि वजन टिकवलं तर साधारण वर्षभरात अंगभर नीट पसरते. तिला हे आधीच सांगून ठेवा.

१५. वजन तर परत आलं, पाळी अजून नाही. किती थांबायचं?

बहुतेकींना योग्य वजन टिकवल्यावर सहा महिन्यांच्या आत येते. काहींना वर्षही लागतं. नाही आली तर तीन गोष्टी तपासा. 'योग्य' वजन हे तिच्या अंगलटीचं आहे की तक्त्यातलं? आजारापूर्वी ज्या वजनावर पाळी नियमित होती, ते तक्त्याहून जास्त महत्त्वाचं, आणि वाढत्या मुलीत ते वर्षागणिक वर सरकतं. चोरून व्यायाम चालू आहे का? आहारातून तेल-तूप अजून वगळलेलं आहे का? वजन जेमतेम आणि ताटात चरबी नाही, अशा स्थितीत हायपोथॅलॅमसला भरवसा येत नाही. हे सगळं ठीक असूनही पाळी नसेल तर प्रश्न ६ मधली तपासणी करावी.

१६. लग्न ठरलं आहे. मूल होईल का? आणि पाळी नाही म्हणजे सध्या गर्भ राहणारच नाही ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात फसगत होते. बीज पाळीच्या आधी सुटतं. सावरणाऱ्या मुलीचं पहिलं बीज केव्हा सुटेल ते कळत नाही, आणि पाळी दिसण्याआधीच गर्भ राहू शकतो. नको असेल तर काळजी घ्या. तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन हाडांची घनता कमी करतं, म्हणून आजाराचा इतिहास डॉक्टरांना सांगूनच साधन निवडा.

मूल होतं. बहुतेकींत वजन आणि पाळी परत आली की गर्भधारणेची क्षमताही परत येते. पण वजन कमी असतानाच औषधांनी बीज तयार करायचा आग्रह धरू नका. गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. सासरी सांगायचं की नाही हा तिचा निर्णय. नवऱ्याला माहीत असणं मात्र मला आवश्यक वाटतं, कारण बाळंतपणानंतर हा आजार उलटू शकतो आणि तेव्हा ओळखणारं माणूस घरात हवं.

१७. माझं वजन नॉर्मल आहे, उलट लोक 'छान बारीक झालीस' म्हणतात. तरी पाळी बंद आहे. हे अनोरेक्सिया कसं असेल?

असू शकतं. आधी वजन जास्त असलेल्या व्यक्तीने झपाट्याने खूप वजन उतरवलं तर शरीराला तो दुष्काळच वाटतो, मग काटा काहीही दाखवो. नाडी मंदावणं, लेप्टिन पडणं, पाळी जाणं, सगळं तसंच होतं. डॉक्टर याला अटिपिकल, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा, अनोरेक्सिया म्हणतात, पण धोका कमी नसतो. 'माझं वजन कमी कुठे आहे' या विचाराने मदत मागायला उशीर करू नका.

१८. मुलगी मल्लखांब करते. कोच म्हणतात, खेळाडूंची पाळी जातेच.

मल्लखांब मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे, २०१३ पासून, आणि आपल्या मुली त्यात चमकतात याचा मला अभिमान आहे. पण पाळी जाणं ही तयारीची खूण नव्हे. सरावात जितकी ऊर्जा जाते तितकी ताटातून आली नाही की हायपोथॅलॅमस तोच निर्णय घेतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस (खेळाडूंतली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) असं नाव देऊन मांडलं. ते मुलगे आणि मुली दोघांनाही लागू आहे. जाड होण्याची भीती मनात नसतानाही, निव्वळ खाणं कमी पडल्याने, हे होतं. सरावानंतरचं खाणं वाढवून आणि सराव थोडा कमी करून पाळी परत आली तर उत्तम. मुलगी खाणं वाढवायला घाबरत असेल तर प्रश्न १ पुन्हा वाचा. तडा गेलेल्या हाडावर खेळ चालत नाही, हे कोचनाही पटतं.

१९. टाइप १ मधुमेह असलेली मुलगी इन्शुलिन चुकवते आहे. वजनासाठी असेल का?

शक्यता मोठी आहे, आणि ही आणीबाणी आहे. इन्शुलिन न घेतल्याने साखर लघवीवाटे जाते, वजन उतरतं, आणि रक्त आम्लधर्मी होऊन काही तासांत बेशुद्धी येऊ शकते. उलट्या, पोटदुखी, श्वासाला फळासारखा वास आला तर थेट हॉस्पिटल.

२०. श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र: उपास करू द्यायचा का?

नाही. बरी झाल्यावरही बराच काळ नाही. उपासाच्या आड न जेवणं सहज लपतं, आणि सगळे कौतुकच करतात. 'साबूदाण्याची खिचडी तर खाते' असं आया म्हणतात; दोन चमचे खिचडीने दिवस निघतो आणि दुसऱ्या दिवशी पारणंही टळतं. आजाऱ्याला उपासातून सूट आपल्या घरांत आहेच. ही सूट आजीने स्वतःच्या तोंडाने दिली तर मुलीचं अपराधीपण हलकं होतं. कोणी तिच्या नावाने उपास धरायचाच असेल तर घरातल्या दुसऱ्या धडधाकट माणसाने धरावा.

२१. इंदूरमध्ये कोणाकडे जायचं, आणि कधी लगेच न्यायचं?

एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एकटा एंडोक्रायनॉलॉजिस्ट पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून बघायचं असतं. एमजीएम मेडिकल कॉलेजच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये मानसोपचार आणि मेडिसिन दोन्ही विभाग आहेत, त्यामुळे खिसा रिकामा असला तरी सुरुवात करता येते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठी-हिंदीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपनीला मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. पॉलिसी काढून बघा.

किशोरवयीन मुलींसाठी कुटुंबाने जेवणाची सूत्रं हातात घ्यायची पद्धत लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात आकाराला आली. त्यात आई-वडील रोज सोबत बसून जेवू घालतात, ओरडत नाहीत आणि ताट उचलूही देत नाहीत. आपल्या एकत्र कुटुंबांना हे जमण्यासारखं आहे, फक्त आत्या-मावशींनी 'किती वाळलीस' किंवा 'आता भरलीस हं' यातलं काहीही म्हणायचं नाही.

जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असेल, उभं राहताना चक्कर येत असेल, छातीत धडधड, पायांवर सूज, दोन दिवस पाणीही नको म्हणणं, रोज उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या, शुद्ध हरपणं, किंवा जीव द्यायचं बोलणं, यातलं एक जरी असलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सीत न्या. पोटॅशियम आणि ईसीजी लगेच तपासा असं तिथे स्पष्ट सांगा, कारण बाहेरून मुलगी चालती-बोलती दिसते आणि तिला 'नुसता अशक्तपणा' म्हणून सलाईन लावून परत पाठवलं जाऊ शकतं.